जुन्या मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर

अहिल्यानगर जिल्ह्यात अनेक शेतकरी कुटुंबांची जुनी पेट्रोल मोटार अद्याप कामास येते. तिच्या सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यास पेट्रोल अधिक जळू शकते व खर्च वाढतो.

मात्र नवा सेन्सर घेण्यापूर्वी नळीची गळती व तारा तपासाव्यात; दोष तेथेही असू शकतो. साध्या प्रकारच्या, तापलेल्या, चांगल्या सेन्सरचा दाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सतत बदलतो. तो एकाच ठिकाणी थांबल्यास सेन्सरविषयी संशय घ्यावा.

बदली सेन्सरच्या तारांची संख्या, आटे व प्रकार जुन्याप्रमाणेच असावेत. मोटार कंपनीच्या वेष्टनाऐवजी मूळ उत्पादकाचा सुटा भाग बहुधा स्वस्त पडतो. आधी दोष ओळखावा, मग किंमत पाहावी. खरी काटकसर हीच होय.