प्रमाणीकरण : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग



शब्दांच्या अर्थावर बोलायचे ते पंडितांनी, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. माझे शिक्षण झाले ते कायद्याची पुस्तके आणि न्यायालयांचे निवाडे वाचता वाचता. परंतु काही शब्द असे असतात, की त्यांचा अर्थ पंडिताच्या आधी मजुराला समजावा लागतो. कारण त्यावर त्याची भाकरी ठरते. 'प्रमाणीकरण' हा त्यातलाच एक शब्द. असोद्याच्या मातीत त्यावर बोलणे अधिकच उचित आहे. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम शब्दाची फोड करू. 'मा' म्हणजे मोजणे. माप, मान, परिमाण, अनुमान ही सारी त्याच धातूची लेकरे. ज्याने मोजायचे ते प्रमाण. आणि शेवटी जे 'करण' लागते, त्याचा अर्थ वैयाकरण असा सांगतात, की जे मुळात तसे नाही ते तसे करणे. राष्ट्रीयीकरण, सपाटीकरण हे शब्द याच घडणीचे. तेव्हा प्रमाणीकरण आपोआप होत नाही. ते कोणीतरी करतो. हा 'कोणीतरी' कोण, हे विचारल्याशिवाय या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

या शब्दाचा सर्वांत सरळ उपयोग वजनमापांत दिसतो. पूर्वी मण म्हटले की कोणता मण, हे विचारावे लागे. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला, तर तो आजच्या हिशेबाने सुमारे ३७ किलो भरे. मुंबईचा जुना मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास. नाव एकच, आणि माल तिपटीच्या फरकाचा! अशा गोंधळात ज्याच्या हाती तराजू त्याचा फायदा, आणि ज्याच्या डोक्यावर गाठोडे त्याचा तोटा. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. पुढे १९५६ साली साऱ्या देशासाठी दशमान पद्धतीचा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. किलो सर्वांचा एक झाला. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला आपला माल घरी मोजून बाजारात ताडून पाहता येऊ लागला. हे प्रमाणीकरण दुबळ्याच्या बाजूचे झाले.

पण दर वेळी तसे होतेच असे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकाच कामाला या गिरणीत एक दर, तर शेजारच्या गिरणीत दुसरा, अशी स्थिती होती. १९२८ साली गिरणीमालकांच्या संघाने दरांच्या प्रमाणीकरणाचा आराखडा पुढे केला. कामगारांचे म्हणणे असे, की दर सारखे करण्याच्या नावाखाली ही वेतनकपात आहे. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपातला हा एक मोठा वादाचा मुद्दा होता, आणि तो फॉसेट समितीपुढे गेला. पुढे १९४७ साली औद्योगिक न्यायालयाचा निवाडा आला. त्याने कामवार वेतनश्रेणी बांधून दिल्या आणि २६ दिवसांच्या कामाला किमान ३० रुपये मूळ वेतन ठरवले. त्याचेही नाव प्रमाणीकरणच! पहिल्या वेळी माप मालकाने आणले होते. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजू ऐकून ते ठरले, आणि खाली एक तळ घातला गेला.

हीच गोष्ट स्थायी आदेशांची. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामाचे तास, रजा, शिक्षा यांचे नियम लिहून प्रमाणित करून घेणे भाग पाडले. मुकादमाच्या मर्जीच्या जागी कागद आला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र ही मर्यादा ३०० कामगारांवर नेली आहे. आपल्या जळगावच्या डाळमिली आणि चटईचे कारखाने डोळ्यांपुढे आणा, आणि त्यांतल्या किती जणांवर या कागदाची सावली पडेल, याचा हिशेब आपणच करा.

अलीकडे या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. स्वस्त धान्याच्या दुकानात 'आधार प्रमाणीकरण' म्हणतात, ते सारखेपणा आणणे नव्हे. आलेला माणूस तोच आहे की नाही, याची खातरजमा करणे होय. ज्या बाईच्या बोटांच्या रेषा कामाने झिजल्या, तिचा अंगठा यंत्राला पटत नाही, आणि ती रिकाम्या पिशवीने परतते. आधार जुळत नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवलेले आहे. हे आपण तिला सांगितले पाहिजे. यंत्र हे पडताळ्याचे साधन आहे. तिच्या अस्तित्वाचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

आता भाषेकडे वळू. लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने सुचवले आणि १९६२ साली शासनाने स्वीकारले. ते हवेतच. कायदा, पाठ्यपुस्तक, करारपत्र चांद्यापासून बांद्यापर्यंत एकसारखे वाचता आले नाही, तर फसतो तो कमी शिकलेलाच. पण 'प्रमाण' याचा अर्थ 'शुद्ध' असा आपण कधी करून बसलो? घरी 'मले' म्हणणारे पोर शाळेत 'मला' लिहायला शिकते, हे ठीक. परंतु 'मले' अशुद्ध आहे, असे सांगितले की त्याची आईच अशुद्ध ठरते! कागदाचे माप माणसाला लावण्याचा हा प्रकार आहे.

याचे उत्तर असोद्यानेच देऊन ठेवले आहे. बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कविता छापल्या गेल्या, त्या आपल्या लेवा बोलीत. त्या कोणी प्रमाण मराठीत 'सुधारून' छापल्या असत्या, तर काय उरले असते? आज त्यांचेच नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे.

प्रमाण आणि वेगळेपण यांचे वैरच असते, असे मात्र समजू नका. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वांगे कुठले आणि कसे, याची वर्णने नोंदवली गेली. आता कुठल्याही वांग्याला ते नाव लावून विकता येणार नाही. म्हणजे माप नीट बांधले, तर ते वेगळेपणाची राखणही करते.

तेव्हा मंडळी, उद्या कचेरीत, कारखान्यात वा शाळेत प्रमाणीकरणाची सूचना लागली, तर तीन प्रश्न विचारा. माप कोणी ठरवले? ते ठरताना आपल्याला कोणी विचारले का? आणि सारखे करताना खालच्याला वर घेतले, की वरच्याला खाली ओढले? उत्तरे समाधानाची असतील, तर खुशाल सही करा. नसतील, तर चार जण मिळून पुन्हा जा. एकट्याने विचारलेला प्रश्न कचेरीत अर्ज ठरतो. चौघांनी विचारला, की त्याला उत्तर द्यावे लागते.