सिनेमाने इमान कशाशी राखायचं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात अमडापूर आहे. कादंबरीकार सदानंद देशमुख इथलेच. त्यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये धीरज मेश्राम यांनी याच नावाचा हिंदी चित्रपट केला. सीमा बिस्वास, सुब्रत दत्ता, बेंजामिन गिलानी यांनी त्यात कामं केली. कोरडवाहू शेतीतल्या एका कुटुंबाची ही गोष्ट घाटावरच्या गावातून थेट हिंदी पडद्यावर गेली. अशा वेळी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच: पुस्तकातलं सगळं आलं का? मोबाइलवर आणि संगणकावर तासन्‌तास खेळणारी आजची मुलंही गेमवरचा सिनेमा पाहताना नेमकं हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर एका माध्यमातली गोष्ट दुसऱ्या माध्यमात जाते कशी, हे आधी बघावं लागेल.

सुरुवात पानांच्या हिशेबाने करू. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असं धरतात. दोन तासांच्या चित्रपटाला शंभर-सव्वाशे पानं पुरतात आणि तीही विरळ असतात, कारण संवाद पानाच्या मधोमध अरुंद पट्टीत लिहिलेले असतात. एवढ्या जागेत जाडजूड कादंबरी मावत नाही. म्हणून पटकथाकार आधी पात्रं कमी करतो, मग उपकथानकं गाळतो आणि शेवटी तीन प्रसंगांचं काम एकाच प्रसंगाकडून करून घेतो. १९७९ चा 'सिंहासन' अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट करताना किती गाळावं लागलं असेल! तरी सत्तेच्या खेळातली बेचैनी त्यात पुरेपूर उतरली. तेव्हा किती गाळलं यावरून इमान मोजता येत नाही.

दुसरं काम याहून अवघड असतं. मनातलं बाहेर आणायचं असतं. 'बारोमास'चा नायक एकनाथ चांगला शिकलेला आहे, पण मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही, म्हणून तो शेतीतच अडकला आहे. त्याची घुसमट कादंबरी त्याच्या डोक्यात शिरून सांगते. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. पटकथाकाराला मग तीन वाटा उरतात. पार्श्वभूमीवर नायकाचा आवाज ऐकवायचा, त्याला बोलायला कोणीतरी सोबती द्यायचा, नाहीतर विचाराची कृती करायची. पहिली वाट सोपी, पण वारंवार वापरली की चित्रपटाचं वाचन होऊन बसतं. दुसरीत पात्रं भाषणं ठोकू लागतात. तिसरी वाट खरी कसोटीची. समजा, पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या पैशांसाठी घरात शोधाशोध चालली आहे आणि पेटी उपसताना पदवीच्या कागदांची पिशवी हाती लागते. एकनाथ ती उचलतो, बाजूला ठेवतो आणि खालचे पैसे मोजायला घेतो. हा प्रसंग मी इथे नमुन्यासाठी रचला आहे. तो कादंबरीतला नाही. तरीही तो कादंबरीशी प्रामाणिक राहील, कारण चार पानांच्या स्वगतात जी ठसठस असते, ती त्या पिशवी बाजूला ठेवण्यात आहे. म्हणून मूळ पुस्तकात नसलेला प्रसंग दिसला की लगेच नाक मुरडू नये. तो कशाच्या जागी आला आहे, हे आधी पाहावं.

तिसरी गोष्ट काळाची. शेतकऱ्याच्या कादंबरीत ऋतू हे एक पात्रच असतं. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी आली, पीक हाताशी आलं तर भाव पडला, या चक्रातून वाचक महिनोन्‌महिने जातो. चित्रीकरण मात्र सहसा एका सलग वेळापत्रकात उरकतात, कारण कलाकारांच्या तारखा आणि पैसा दोन्ही मोजकेच असतात. जूनमधलं उघडं काळं रान, ऑगस्टमधली हिरवी कपाशी आणि बोंडं वेचून झाल्यावर उभी राहिलेली वाळकी पऱ्हाटी एकाच महिन्यात मिळत नाहीत. एकतर पुन्हा पुन्हा त्याच शेतात यायचं, नाहीतर एकाच हंगामात गोष्ट बसवायची. शेती ज्याला माहीत आहे असा प्रेक्षक ही तडजोड पहिल्या झटक्यात ओळखतो. माझ्या मते इथे काटकसर करू नये. नट कमी प्रसिद्ध घ्यावा, पण रान खरं दाखवावं.

आणि भाषा. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली बोलण्याची ढब बदलते. चिखली-मेहकरकडचा माणूस आणि शेगाव-मलकापूरकडचा माणूस दोन वाक्यांत ओळखू येतो. 'बारोमास'ची ताकद या बोलीत मुरलेली आहे. चित्रपट हिंदीत गेल्याने ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर समजली, हा लाभ लहान नाही. पण बोलीबरोबर माणसाचा पडता आवाज, त्याचं टोमणा मारणं, गप्प बसणं हेही जातं. ते परत आणणं पटकथाकाराच्या हातात नसतं, ती जबाबदारी नटावर येते. मला वाटतं, 'बारोमास'वर एक चित्रपट याच मातीतल्या मराठीत व्हायलाच हवा.

आता गेमकडे येऊ. इथे एक वेगळीच अडचण उभी राहते. वाचक मनाने गुंततो, खेळणाऱ्याचे मात्र हातही गुंतलेले असतात. 'द लास्ट ऑफ अस' हा २०१३ चा गेम घ्या. जगात साथ पसरली आहे आणि एली या मुलीच्या शरीरात त्या साथीवरचा उतारा असण्याची शक्यता आहे, पण शस्त्रक्रिया केली तर ती वाचणार नाही. शेवटी तिचा सांभाळ करणारा जोएल तिला वाचवायला इस्पितळात गोळीबार करत तिच्यापर्यंत पोहोचतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत समोर सर्जन उभा असतो आणि खेळणाऱ्याने स्वतः त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. पटत नसलं तरी ते आपल्याच हातून करावं लागतं आणि म्हणून ते मनाला लागून राहतं.

२०२३ मध्ये याच गेमवर मालिका आली. तिच्या निर्मात्यांत गेमचे लेखक नील ड्रकमन स्वतः होते, सोबत क्रेग मेझिन. प्रेक्षकाच्या हातात तर काहीच नाही. मग त्यांनी काय केलं? त्या गोळीबाराचा आवाजच दाबला आणि वर संथ, उदास संगीत ठेवलं. गेममध्ये मारामारीचा जो थरार होता तो काढून घेतला आणि जोएल काय करून बसला आहे एवढंच समोर ठेवलं. प्रसंग तोच, मांडणी उलटी, पण अपराधाचं ओझं कायम राहिलं. तिसऱ्या भागात तर त्यांनी गोष्टच बदलली. गेममध्ये बिल एकटा भेटतो, फ्रँक आधीच मेलेला असतो. मालिकेत त्या दोघांचा अनेक वर्षांचा संसार दिसतो. एखाद्यावर जीव लावला की माणूस काय काय करायला तयार होतो, हाच गेमचा गाभा. म्हणून मला हा बदल मुळाला धरून वाटतो.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. १९९३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने खेळातला उड्या मारण्याचा निखळ आनंद सोडून अंधारं, कोंदट शहर उभं केलं आणि तो चित्रपट आपटला. २०२३ च्या ॲनिमेशनपटाने रंग आणि उड्या जशाच्या तशा ठेवल्या आणि जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. कथा मात्र अगदी पातळ आहे. 'सॉनिक' या गेमवरच्या चित्रपटाची पहिली झलक २०१९ मध्ये आली तेव्हा चाहत्यांना सॉनिकचा चेहरा खटकला. निर्मात्यांनी तो पुन्हा घडवला, प्रदर्शन २०२० च्या फेब्रुवारीत नेलं आणि चित्रपट चालला. चाहत्यांचं ऐकावं ते अशा बाबतीत. ओळखीचा चेहरा ही त्यांची ठेव असते. पण पटकथा चाहत्यांना विचारून लिहू नये. त्यांना पाठ असलेलंच पुन्हा हवं असतं आणि ते तर त्यांच्याजवळ आधीच असतं.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट. उद्या कोणी त्यावर चित्रपट करायला घेतला, तर प्रत्येक लढाई दाखवायच्या भरीस पडू नये. भाऊ सापडेपर्यंतची तिची तगमग धरून ठेवावी.

माझं मत म्हणून स्पष्ट आहे. घटना बदला, पात्रं गाळा, शेवटही हलवा. पण मूळ कलाकृती आपल्या वाचकाला किंवा खेळणाऱ्याला ज्या दडपणाखाली ठेवते, ते दडपण हलू देऊ नका. गेममध्ये ते बोटांतून येतं आणि 'बारोमास'मध्ये न आलेल्या पावसातून. तुम्ही 'बारोमास' अजून वाचली नसेल, तर चित्रपटाआधी ती वाचा आणि मग चित्रपट पाहा. काय गळलं याची यादी करत बसू नका. कादंबरी वाचताना ज्या जागी जीव गुदमरला होता, त्या जागी पडद्यासमोर काय होतं, तेवढं बघा.