फाइल बाईच्याच नावाची का?

वंध्यत्वाच्या ओपीडीत आलेल्या बाईची फाइल उघडली, की आत बरंच काही सापडतं. तीन-चार सोनोग्राफ्या, थायरॉइडचे रिपोर्ट, नळ्यांचा एक्स-रे, एखादं क्युरेटिंग, कधी दुर्बिणीतून केलेली तपासणी आणि वर्षा-दोन वर्षांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद मात्र अनेकदा नसतो. ही तपासणी स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही, सुईसुद्धा टोचत नाही. तरीही ती सगळ्यात शेवटी होते, आणि तोवर बाईच्या अंगावरून बरंच काही गेलेलं असतं.

मूल न होण्याचा दोष बाईत असतो, हा गैरसमज आपल्या बोलीतच मुरलेला आहे. ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द बाईसाठीच. पुरुष फार तर ‘निपुत्रिक’ ठरतो, आणि त्या शब्दात दैवाची तक्रार असते, देहाची नाही. वस्तुस्थिती अशी, की मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. कधी फक्त त्याचाच, कधी दोघांचाही. काही जोडप्यांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. ‘दोष कोणाचा’ हा प्रश्नच म्हणून चुकीचा आहे. तपासायचं असतं जोडप्याला, आणि केसपेपर पहिल्या दिवसापासून दोघांचा हवा.

पुरुष तपासणीला का येत नाहीत? शुक्राणू कमी म्हणजे पुरुषत्व कमी, असा त्यांचा आणि त्यांच्या आयांचाही समज असतो. या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. ज्याचे शरीरसंबंध अगदी व्यवस्थित आहेत, त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. डोळ्यांना वीर्य नेहमीसारखंच दिसतं. कारणं अनेक असतात. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडात वृषणाला सूज येऊन गेलेली असते, शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद असते. तंबाखूही नुकसान करतेच. आणि एक कारण तरुणांना कोणी सांगत नाही: शरीर कमावण्यासाठी जिममध्ये घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. बाहेरून हार्मोन मिळालं, की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू तयार होणं मंदावतं किंवा बंदच पडतं. दंड भरदार दिसतात, पण रिपोर्टमध्ये शून्य येतं. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती परत सुरू होते, पण त्यात महिने जातात, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त.

एक रिपोर्ट वाईट आला म्हणून खचायचंही कारण नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. तपासणी दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर करायची असते, आणि ती बिघडलेली आली तर काही आठवड्यांनी पुन्हा करायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा एका मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू अशी दिली आहे. आकडा त्याखाली असला तरी मूल होऊ शकतं, आणि त्यावर असला म्हणून खात्री मिळत नाही.

‘असं लाखात एखाद्याला होतं’ असं म्हणणारेही पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केलेल्या अंदाजानुसार आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जाणाऱ्यांचं प्रमाण १७.५ टक्के आहे, म्हणजे साधारण सहा जणांत एक. आता गोंधळ उडवणारी गोष्ट: २०१०च्या स्थितीवरच्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात मूल हवं असलेल्या २० ते ४४ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्क्यांना पहिलं मूल होत नव्हतं, तर एक झालेल्या आणि पुढचं हवं असलेल्यांपैकी १०.५ टक्क्यांना ते होत नव्हतं. दोन्हीकडचे आकडे खरे आहेत, फक्त मोजपट्टी वेगळी आहे. वर्षभर प्रयत्न करून दिवस न जाणं ही डॉक्टरांची व्याख्या. त्या अभ्यासाने पाच वर्षांची पट्टी लावली होती. शिवाय ‘आयुष्यात कधीतरी’ आणि ‘आत्ता या घडीला’ या दोन मोजण्या एक नव्हेत. बातमीत टक्केवारी दिसली, की आधी हे पाहावं.

त्याच अभ्यासाने आणखी एक समज मोडला. ‘पहिलं झालंय ना, मग दुसरं कसं होणार नाही?’ दुसऱ्या वेळी अडणारी जोडपी कितीतरी जास्त आहेत. मधल्या काळात वय वाढलेलं असतं, बाळंतपणानंतर किंवा असुरक्षित गर्भपातानंतर जंतुसंसर्ग होऊन नळ्या बंद झालेल्या असतात. अशा बाईचं दुःख कोणी मोजत नाही, कारण तिच्या कडेवर एक लेकरू असतं.

‘हे शहरातल्या, उशिरा लग्न करणाऱ्या, नोकरीवाल्या बायकांचं दुखणं’ हाही तसाच समज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजात श्रीमंत देशांत आयुष्यभरातलं प्रमाण १७.८ टक्के, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १६.५ टक्के, फरक जवळपास नाहीच. वयाचा परिणाम खरा आहे, पस्तिशीनंतर तो जोरात जाणवतो. पण विशीतली शेतमजूर बाईही अडते. आपल्याकडे त्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग असू शकतो. त्यात खोकला नसतो, पुष्कळदा तापही नसतो. नळ्या आतल्या आत खराब होतात, आणि ते कळतं मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच.

मग दवाखान्यात येतं कोण? अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विकसित देशांतल्या ५६ टक्के आणि विकसनशील देशांतल्या ५१ टक्के जोडप्यांनी वैद्यकीय मदत मागितलेली आढळली. प्रत्यक्ष उपचार मिळाले ते सुमारे २२ टक्क्यांना. श्रीमंत देशांतली माणसं डॉक्टरकडे धावतात आणि गरीब देशांतली देवाकडे, असं चित्र यातून दिसत नाही. मदत मागायची तयारी दोन्हीकडे सारखीच आहे. उपचारापर्यंत पोचू न शकणारे मात्र बरेच आहेत.

कधी यावं, याबाबत दोन्ही टोकाच्या चुका होतात. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच सासूबाई सुनेला घेऊन येतात. खरं तर नियमित संबंध असलेल्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांत वर्षभरात दिवस राहतात, आणि उरलेल्यांतल्या निम्म्यांत पुढच्या वर्षात. विशीतल्या निरोगी जोडप्याने वर्षभर थांबायला हरकत नाही. दुसरीकडे पस्तिशी ओलांडलेली बाई नवस आणि अंगारे करत चार वर्षं घालवते. तिने सहा महिन्यांतच यायला हवं होतं. पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, पूर्वी क्षय झाला असेल, तर वयाकडे न बघता लगेच यावं.

आणि आले की आयव्हीएफच (शरीराबाहेर बीज फलित करणं) करावं लागतं, असंही नाही. पीसीओएसमुळे बीज फुटत नसेल तर गोळ्यांनी अनेकींना दिवस राहतात. आयव्हीएफ लागतं ते नळ्या बंद असताना, शुक्राणू अगदीच कमी असताना किंवा साधे उपाय थकल्यावर. त्याच्या एका फेरीचा खर्च लाखाच्या घरात जातो, तो आयुष्मान भारत योजनेतून वगळलेला आहे, आणि तरुण बाईलाही एका फेरीत यशापेक्षा अपयशाचीच शक्यता अधिक असते. वाईट याचं वाटतं, की हे तंत्र आपल्याकडे रुजलं ते सार्वजनिक रुग्णालयात. परळच्या केईएममध्ये, मुंबई महापालिकेच्या दवाखान्यात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा ही आयव्हीएफने गर्भधारणा झालेली मुलगी जन्मली. या कामात त्यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) परळमधल्याच संशोधन संस्थेची साथ होती. त्यानंतर हा उपचार बहुतांशी खासगी केंद्रांकडे गेला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ साली तो मोफत सुरू केला, ही वाट उलट दिशेने वळवणारी गोष्ट आहे.

खासगी केंद्रात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी विचाराव्यात. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक मागावा. आणि भिंतीवर लावलेला यशाचा आकडा कशाचा आहे ते विचारावं: तपासणीत दिवस राहिल्याचं दिसण्याचा, की बाळ हातात येण्याचा, आणि कोणत्या वयाच्या बायकांचा.