‘शेवा’तला श

न्हावा-शेवा बंदराच्या हद्दीत रोमन लिपीचा अंमल आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. क्रेनला लटकणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या अंगावर चार रोमन अक्षरे आणि सात अंक रंगवलेले असतात, व त्यांतला शेवटचा अंक केवळ आधीचा मजकूर बरोबर वाचला गेला की नाही याचा पडताळा घेण्यासाठी असतो; जगभरच्या जहाजी दस्तऐवजांत या बंदराची ओळख ‘आयएनएनएसए’ अशा पाच अक्षरांत उरकलेली असते. पनवेल तालुक्यातले न्हावा आणि उरण तालुक्यातले शेवा ही वास्तविक दोन निरनिराळी गावे. १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झाले. तत्पूर्वीच शेव्याची वस्ती उठवून ती उरणनजीक नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या ठिकाणी नेली गेली होती, आणि जुन्या गावाचे नाव तेवढे जहाजांच्या वेळापत्रकात शिल्लक राहिले. मराठी लिपी इथे आढळते ती ट्रेलरांच्या पाठीवर, टपऱ्यांच्या फळ्यांवर आणि कामगार संघटनांच्या फलकांवर, म्हणजे बहुतांशी पेंटरच्या कुंचल्यातून उतरलेली. आणि पेंटरला फॉन्ट लागत नाही.

अशा मुलखात एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीने आपल्या संकेतस्थळावर मराठी पाने घालण्याचे मनावर घेतले, याचे मला प्रथम नवल वाटले. परंतु कारण व्यवहाराचे होते. ट्रेलरचालकांना कोणत्या गेटवर कोणता कागद दाखवायचा, फॉर्म १३ कोणी भरायचा, रिकामा डबा कोणत्या यार्डात परत करायचा, हे दिवसातून शंभर वेळा फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट मराठीत लिहून ठेवावे, असा शेठचा हिशेब होता. त्यांचा पुतण्या संगणकाचे काम पाहतो. मी काही काळ मुद्रितशोधन केलेले असल्यामुळे मजकूर तपासण्यासाठी मला बोलावण्यात आले, आणि मजकुरावरून गोष्ट अक्षरांच्या वळणावर गेली, ती बराच काळ तिथेच राहिली.

“काका, मराठी तर दिसतेच आहे, मग फॉन्ट कशाला घालायचा?” हा पुतण्याचा प्रश्न रास्त होता. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक क्रमांक नेमून दिला आहे. ‘श’चा ०९३६, ‘ल’चा ०९३२. संकेतस्थळावरून वाचकाच्या मोबाईलवर जातात ते हे क्रमांक. त्यांना आकार कोणता द्यायचा, हे वाचकाच्या यंत्रात जो देवनागरी फॉन्ट असेल तो ठरवतो, आणि कारखान्यातून भरून आलेल्या बहुतेक फॉन्टांची मूळ वळणे हिंदीची असतात. त्यामुळे कचेरीच्या पानावर ‘शेवा’ हे नाव उमटले होते ते गाठयुक्त श घेऊन, आणि ‘उलवे’ हे दंडयुक्त ल घेऊन. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल प्रमाण मानले आहेत. शासननिर्णयाचा दाखला बाजूला ठेवला तरी, ज्याने पाटीवर ‘शेंडीफोड्या श’ आणि ‘पोटफोड्या ष’ गिरवले आहेत त्याचा डोळा त्या परक्या आकारापाशी क्षणभर अडतोच. वाचता येत नाही असे मुळीच नाही. पण पान आपल्यासाठी लिहिलेले आहे ही खात्री, जी पहिल्या ओळीलाच पटावी लागते, ती पटत नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी त्याचा लौकिक झाला, तेव्हा वळण ठरवणारा मनुष्य आणि पान छापणारे यंत्र एकाच छपराखाली होते. संगणकाने ही व्यवस्था मोडली. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टाची अंतर्गत मांडणी स्वतंत्र असे, व तोच फॉन्ट वाचकाच्या संगणकात नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा नि विरामचिन्हांचा अर्थशून्य ढीग दिसे. पानाबरोबरच फॉन्टही वाचकाकडे पाठवावा, ही तरतूद पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या १९९८ च्या नियमावलीत झाली होती खरी. पण तिला सगळ्या प्रमुख ब्राउझरांनी मान्यता द्यायला २०१० उजाडले. त्याच वर्षी गूगलने आपला फॉन्टांचा संग्रह सर्वांना खुला केला. मराठीला त्याचा खरा लाभ झाला तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींमुळे. मुक्त, बलू, मोदक असे त्यांचे फॉन्ट तिथे विनामूल्य आहेत, आणि ते देवनागरी ज्यांच्या रोजच्या लिहिण्यातली आहे अशा हातांनी घडवलेले आहेत.

पुतण्याची निवड बलूवर स्थिरावली होती, कारण ते अक्षर गुटगुटीत व आनंदी आहे. मथळ्याला ते शोभते, पण फॉर्म १३ च्या सूचना त्या अक्षरात वाचताना सीमाशुल्क खात्याने कोणाच्या तरी बारशाचे आमंत्रण पाठवले आहे असा भास होतो. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मला मनापासून आवडतो. हिंदी आणि संस्कृत यांच्यासाठी वेगळे आणि मराठीसाठी वेगळे असे त्याचे अवतार केलेले असल्याने ल आणि श यांच्याविषयी काही सांगावेच लागत नाही. परंतु त्याचे सौंदर्य ग्रंथाच्या पानाचे आहे. उन्हात, केबिनमध्ये बसून, तडा गेलेल्या काचेवर वाचणाऱ्या चालकासाठी सरळ, मोकळ्या पोटाचे अक्षर हवे. शेवटी मुक्त ठरला. त्याच्या सात जाडींपैकी दोनच घेतल्या, नेहमीची आणि ठळक. ठळक जाडीची फाइल दिलीच नाही तर ब्राउझर साध्या अक्षराला स्वतःच फुगवतो, आणि मग ळ-ची पोटे बुजून तिथे शाईचा डाग पडल्यासारखे दिसते.

फॉन्ट बसवण्याची कृती मात्र लहानशी आहे. फाइल डब्ल्यूओएफएफ-२ या आवळलेल्या स्वरूपात सर्व्हरवर ठेवायची. सीएसएसमध्ये ‘फॉन्ट-फेस’ नावाच्या कलमाखाली तिचे नाव, जाडी आणि ठिकाण नोंदवायचे. आणि पानाच्या मजकुराला ते नाव लावायचे. फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर त्या सर्व्हरने तसा परवाना पाठवल्याखेरीज ब्राउझर ती स्वीकारत नाही. ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आलेला फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला हरकत नसते, म्हणून आम्ही तसेच केले. गूगलकडून परस्पर फॉन्ट मागवला की वाचकाचा आयपी पत्ता गूगलला कळतो, या सबबीवर म्युनिकच्या न्यायालयाने २०२२ साली एका संकेतस्थळाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. उरणच्या कोर्टात असा दावा कोणी लावील असे नाही, पण परावलंबन टळले तेवढे बरे.

पान ताजे केले. अक्षर बदलले, पान उजळले, आणि ‘शेवा’तला श जसाच्या तसा गाठयुक्त राहिला.

याचे मूळ शोधताना जे हाती लागले ते मला या सर्व प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मराठी वळणे असलेल्या फॉन्टांत पुष्कळदा दोन्ही श आणि दोन्ही ल असतात. कोणता काढायचा हे मजकुराची भाषा कोणती यावर अवलंबून असते, आणि ती भाषा ब्राउझरला अक्षरांवरून ओळखता येत नाही, कारण हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत यांचे क्रमांक एकच आहेत. ती पानाच्या अगदी सुरुवातीला, ‘लँग’ या रकान्यात, लिहून द्यावी लागते. विकत घेतलेल्या तयार साच्यात तिथे इंग्रजी नोंदलेली होती, आणि तिच्या खाली आमची सारी मराठी मांडलेली होती. मी हे समजावून सांगितल्यावर शेठ, जे तोवर एका बिल ऑफ एन्ट्रीवर नजर लावून बसले होते, मान वर न करता म्हणाले, “म्हणजे माल एक आणि डिक्लेरेशन दुसरंच. आमच्याकडे याला दंड पडतो.” पुतण्याने ‘ईएन’ पुसून ‘एमआर’ लिहिले. श-ला देठ आला, ल-ला पाकळी आली. फाइल तीच, फॉन्ट तोच.

यानंतर तपासणीसाठी आम्ही उरण तालुक्याच्या गावांचीच यादी घेतली, आणि तिच्याइतकी कसून परीक्षा घेणारा मजकूर मला मुद्दाम रचूनही साधला नसता. ‘वेश्वी’त श आणि व यांचा जोड कसा बसतो, ‘म्हातवली’त अर्धा म पुढच्या ह-ला टेकतो की मध्ये फट राहते, ‘द्रोणागिरी’तला द्र अखंड उमटतो की द-खाली पाय मोडलेला दिसतो, हे सर्व तिथे एका दृष्टिक्षेपात कळते. यादीत ‘धुतूम’च्या खाली ‘चिर्ले’ आले होते. वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतला मात्रेवर चढलेला रफार एकमेकांत घुसले, कारण साच्यातील ओळींचे अंतर रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले होते, ज्यांना ना वर काही फारसे मिरवायचे असते ना खाली. ते अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक केले तेव्हा दोन्ही गावे सुटी झाली. मथळ्यांत अक्षरे विरळ करण्याचा एक हुकूम साच्यात होता. रोमनला तो ऐट देतो, पण देवनागरीची शिरोरेघ त्याने ठिकठिकाणी तुटते, म्हणून तो समूळ काढून टाकला.

सर्वांत नाजूक शब्द निघाला ‘किनाऱ्यावर’. त्यातला ऱ्या दोन मार्गांनी टंकित होतो; कोणी नुक्त्याचा ऱ वापरतो, तर जुन्या सवयीचे लोक साध्या र-ला हलंत देऊन पुढे ‘झेडडब्ल्यूजे’ हे अदृश्य चिन्ह घालतात. फॉन्ट हलका करण्यासाठी त्यातली अनावश्यक चिन्हे छाटण्याची रीत आहे, आणि ती इथे आवश्यकच होती. रोमन अक्षरांची फाइल वीसएक किलोबाइटांत मावते, पण जोडाक्षरांच्या गोतावळ्यामुळे देवनागरीची त्याच्या कित्येक पट होते, आणि चालकाच्या मोबाईलला रांगेत उभे असताना रेंज मिळेलच असा भरवसा नसतो. परंतु छाटताना केवळ ०९०० ते ०९७एफ एवढाच देवनागरीचा पट्टा राखला आणि ते अदृश्य चिन्ह, ज्याचा क्रमांक त्या पट्ट्याबाहेर आहे, वगळले, तर किनाऱ्यावरचा र भलत्याच फॉन्टातून येण्याचा धोका असतो. पुतण्याने ते राखले. शिवाय फॉन्ट पोहोचेपर्यंत मजकूर अदृश्य न ठेवता मोबाईलमधल्या अक्षरात दाखवावा आणि मागाहून बदलावा, अशी ‘स्वॅप’ची मुभा दिली. त्याने पानाचे रूप वाचता-वाचता हलते व सौंदर्यदृष्टीला ते खुपते. पण गेटपाशी मागच्या गाडीचा हॉर्न वाजत असताना कोरे पान पाहणारा मनुष्य सौंदर्याची कदर करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

अंकांवरून थोडी चकमक झाली. माझा आग्रह देवनागरी अंकांचा. शेठचे म्हणणे असे की कंटेनरचा व गेटचा क्रमांक जसा लोखंडावर आणि पाटीवर आहे तसाच पानावर असावा, नाही तर ताळा कसा करायचा? ते योग्यच होते. तारखा आणि दर देवनागरीत, क्रमांक इंग्रजी अंकांत, असा तोडगा निघाला.

उरले आहे ते जुने दरपत्रक. ते युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेले असून त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर नोंदलेला आहे. रूपांतर करणारे साधन बहुतेक ठिकाणी हा क्रम सुधारते, पण सगळीकडे नाही. परवा पुतण्याने पाठवलेल्या कोष्टकात ‘चिर्ले’चा रफार ‘चि’वर जाऊन बसला होता. मी खूण करून ते परत पाठवले आहे आणि पुढचे पान मागवले आहे.