व्हिडिओ पोकर: पैसे नेमके कुठे जातात

म्हैसूरमध्ये कॅसिनो नाही. कर्नाटक पोलीस कायदा, 1963 नुसार जुगारअड्डा चालवणे गुन्हा आहे आणि मोबाइलवर पैसे लावून खेळायचे पोकर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले. त्यामुळे म्हैसूरकराची व्हिडिओ पोकरशी गाठ पडली तर ती सहलीत, लास वेगासला किंवा गोव्याला. गोव्याने 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत पैशांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांना वाट करून दिली.

यंत्र पाच पाने देते. हवी ती ठेवून बाकीची एकदाच बदलता येतात. सर्वांत महाग चूक पाने हाती येण्याआधीच होते: बक्षिसांचा तक्ता न वाचणे. गुलामांच्या जोडीपासून पैसे देणाऱ्या प्रकारात फुल हाउसला (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) नाण्यामागे 9 आणि फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पाने) 6 मिळत असतील, तर अचूक खेळणाऱ्याचे 100 रुपयांमागे सरासरी 46 पैसे जातात. तेच 8 आणि 5 असतील तर 2 रुपये 70 पैसे. यंत्रे दिसायला मात्र अगदी सारखी!

रॉयल फ्लशला (एकाच चिन्हाची दहापासून एक्क्यापर्यंतची पाने) एका नाण्यावर 250, पण पाच नाण्यांवर 4000 मिळतात. पाच परवडत नसतील तर कमी किमतीच्या नाण्याचे यंत्र निवडावे. जोडीसोबत एक्का धरून ठेवणे ही आणखी एक चूक. तीन पाने बदलण्याची संधी दोनवर येते.

एवढे सांभाळूनही यंत्राचेच पारडे जड राहते. हरलेले पैसे भरून काढायला बसू नका.