मशिदीची किल्ली कोणाच्या हाती?

धर्म देशांच्या सीमा मानीत नाही, हे त्याचे वैभव आहे. परंतु धर्माच्या नावाने सीमा ओलांडणारा पैसा कोणाच्या आज्ञेने वाहतो, हे विचारणे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. या कर्तव्यात कसूर झाली म्हणजे काय होते, हे ब्रुसेल्सच्या मोठ्या मशिदीच्या इतिहासावरून कळून येते.

बेल्जियमच्या खाणींत आणि कारखान्यांत राबण्यासाठी १९६४ च्या करारांन्वये मोरोक्को व तुर्कस्तानातून मजूर आणले गेले. त्यांना प्रार्थनास्थळ हवे होते, आणि सरकारला तेलसंपन्न सौदी अरेबियाची मैत्री हवी होती. १९६९ मध्ये ब्रुसेल्सच्या एका उद्यानातील जुनी प्रदर्शन-वास्तू ९९ वर्षांच्या पट्ट्याने सौदी राजवटीच्या हवाली करण्यात आली आणि दोन्ही गरजा एकदमच भागल्या. मशिदीचा कारभार १९६२ मध्ये मक्केत स्थापन झालेल्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या छत्राखाली चालला. मोरोक्कन मजुरांची मालिकी परंपरा बाजूला पडली आणि वहाबी-सलफी शिकवणीला राजधानीत व्यासपीठ लाभले.

२२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्समध्ये झालेल्या स्फोटांत ३२ निरपराध जीव गेले. त्यानंतर संसदीय समितीने या मशिदीचीही चौकशी केली. तेथून हिंसेची चिथावणी दिली जात असल्याचा ठपका तिने ठेवला नाही. मात्र तेथील शिकवण हिंसक अतिरेकाला पोषक ठरू शकते, असा इशारा दिला. २०१८ मध्ये सरकारने पट्टा संपुष्टात आणण्याचा निर्णय घेतला. जाग आली खरी, पण जवळजवळ अर्धशतकानंतर!

लीगभोवतीचे संशयाचे धुके काही एकट्या ब्रुसेल्सचे नव्हते. तिच्या मदतसंस्थेच्या इंडोनेशिया व फिलिपाईन्समधील शाखांना अमेरिकेने २००६ मध्ये काळ्या यादीत टाकले होते. २०१६ मध्ये मोहम्मद अल्-इसा सरचिटणीस झाल्यावर लीगची भाषा पालटली. २०२० मध्ये त्यांनी ऑशविट्झला भेट दिली. २०२३ मध्ये दिल्लीत येऊन सहजीवनाचा पुरस्कार केला. हे स्वागतार्हच आहे. तथापि हा पालट श्रद्धावंतांच्या मंथनातून झाला, की रियाधच्या राजनीतीतून? आज राजवाड्याच्या इच्छेने आलेले औदार्य उद्या त्याच इच्छेने परतही जाऊ शकते.

म्हणून कोणाची श्रद्धा सौम्य आणि कोणाची कडवी, याची तराजू सरकारांनी हाती धरू नये. पैसा कोठून आला, धर्मोपदेशक कोणी नेमला, हिशेब कोणापुढे ठेवला, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक धर्माच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय संस्थेला एकाच मापाने विचारावेत. ब्रुसेल्समध्ये ते १९६९ मध्येच विचारले गेले असते, तर सौदा करणाऱ्यांच्या चुकीपायी त्या मजुरांच्या नातवंडांवर संशयाची सावली पडली नसती. प्रार्थनास्थळाची किल्ली तेथे प्रार्थना करणाऱ्यांच्याच हाती असली पाहिजे.