हळदीच्या पानावरची लांबटांगी माशी

भाद्रपदात हळदीच्या शेतात जा आणि पानांवर जरा निरखून बघा. एक काळसर, किडकिडीत माशी दिसेल. डासासारखी, पण डासापेक्षा मोठी. पाय इतके लांब की जणू काठ्यांवर चालते आहे. चार पायांवर ती उभी राहते आणि पुढचे दोन पाय हवेत धरून हलवीत बसते. त्या दोन पायांची टोके पांढरी असतात. बघणाऱ्याला त्या मिशाच वाटतात. ही गांधीलमाशीच आहे, असे समजून माणूस मागे सरतो. पण पंख मोजा. गांधीलमाशीला चार पंख, हिला दोनच. ही डंख मारीत नाही.

हीच कंदमाशी. हिच्या गोतात जगभर पाचशेहून अधिक जाती आहेत. पुष्कळशा कुजक्या पाल्यावर, कुजक्या फळांवर पोसतात. त्यांना कोणी ओळखतही नाही. हिचे नाव मात्र सांगली-हिंगोलीकडच्या हळदकऱ्यांच्या तोंडी असते, तेही शिव्या घालून!

कारण असे. माशी झाडाच्या बुडाशी अंडी घालते. त्यांतून बिनपायाच्या, पिवळट-पांढऱ्या अळ्या निघतात आणि गड्ड्यात शिरतात. सुमारे महिनाभरात अळीची पुन्हा माशी होते. अशा झाडाचा पोंगा वाळतो. ओढला की सहज हातात येतो. गड्डा दाबला तर मऊ लागतो, पाणी सुटते, घाण वास येतो. आत अळ्या वळवळताना दिसतात. मग आपण म्हणतो, माशीने हळद खाल्ली.

पण आधी काय झाले, कूज की अळी? केरळात कोळिकोड येथील संशोधकांनी आल्याच्या पिकावर हे तपासले. अळ्या सापडल्या त्या रोगट गड्ड्यांत. निरोगी गड्डा त्यांना मानवत नाही, असे त्यांना आढळले. कूज मुळात आणते ती पिथियम नावाची बुरशी. पाणी साचले की ती पसरते. आपल्याकडचे पुष्कळ जाणकार मात्र माशीलाही मोठी कीड मानतात. आत शिरलेल्या अळ्या नासाडी वाढवतात, हे खरेच आहे.

आमच्याच मळ्याचे सांगतो. एका वर्षी आम्ही माशी दिसली की औषध फवारले. तीनदा फवारले. पैसे गेले, आणि खालच्या कोपऱ्यातली हळद कुजली ती कुजलीच. उंचावरच्या वाफ्यांत माशा तितक्याच होत्या, पण गड्डे टणक निघाले! शाळेत आयुष्यभर पोरांना 'नीट बघा' म्हणून सांगितले, पण त्या कोपऱ्यात पावसाचे पाणी तुंबते, हे आम्हांलाच दिसले नव्हते.

पुढच्या सालापासून आम्ही चर खणून पाणी बाहेर काढले. बेणे निवडून, कृषी सहायकाला विचारून औषधात बुडवून लावले. उघडे पडलेले गड्डे मातीची भर देऊन झाकले. कुजके झाड दिसले की मातीसकट उपटून शेताबाहेर नेले. पसरट भांड्यात २०० ग्रॅम भरडलेली एरंडी आणि दीड लिटर पाणी घालून अशी एकरी दोन-तीन भांडी ठेवली. आठ-दहा दिवसांनी त्याला वास सुटतो, माशा त्यावर येऊन मरतात.

माशा अजूनही येतात. पानावर बसून पांढरे पाय हलवतात. आम्ही त्यांना बघतो आणि आधी त्या कोपऱ्यातला चर बघून येतो.